जाहिरातीतलं प्रेम, जाहिरातीतल्या आठवणी आणि आपला खिसा

ग्राहक आणि बाजार या विषयावर आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा वजन, माप, किंमत, हमीपत्र अशा गोष्टी समोर येतात. या मोजता येतात. वजन कमी भरलं तर काट्यावर दाखवता येतं. आजचा विषय जरा निसरडा आहे, कारण आज आपण मोजता न येणाऱ्या दोन गोष्टींबद्दल बोलणार आहोत: प्रेम आणि आठवण. या दोन गोष्टी जाहिरातीत इतक्या का दिसतात, त्या आपल्यावर नेमकं काय काम करतात, आणि त्यातून आपण स्वतःला कसं सांभाळायचं, एवढंच आज बघू.

सुरुवातीला एक उदाहरण. २०१३ साली गूगलची एक जाहिरात आली होती, तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. दिल्लीतले एक आजोबा आपल्या नातीला लाहोरमधल्या लहानपणीच्या मित्राबद्दल सांगतात. फाळणीनं दोघांची ताटातूट झालेली. नात इंटरनेटवर शोधाशोध करते, त्या मित्राचं मिठाईचं दुकान सापडतं, आणि शेवटी दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडतात. बघताना घसा दाटून येतो. आता सांगा, या जाहिरातीत कंपनीनं कोणता दावा केला? आमचा शोध इतरांपेक्षा अचूक आहे, असं कुठे म्हटलं? आम्ही तुमची माहिती जपून ठेवतो, असं म्हटलं? नाही. एकही दावा नाही. तरीही जाहिरात संपते तेव्हा त्या कंपनीबद्दल आपल्या मनात आपुलकी तयार झालेली असते.

दावा आणि भावना यातला फरक

जाहिरातीचे ढोबळमानानं दोन प्रकार धरू. पहिला प्रकार दाव्याचा. हा पंखा इतकी वीज वाचवतो, ही टूथपेस्ट कीड थांबवते. दुसरा प्रकार भावनेचा. तिथे वस्तूबद्दल फारसं काही सांगितलेलंच नसतं. एक प्रसंग असतो, एक चेहरा असतो, एक सूर असतो, आणि त्या सगळ्याच्या शेजारी वस्तू ठेवलेली असते.

हा फरक का महत्त्वाचा? दावा तपासता येतो. खोटा निघाला तर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी तरतूद आहे, त्याच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या. जाहिरात व्यवसायाची स्वतःची नियामक संस्था, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, १९८५ पासून मुंबईत काम करते आहे. या दोन्ही ठिकाणी तक्रार करायची तर मुख्यतः काहीतरी चुकीचं सांगितलं किंवा महत्त्वाचं लपवलं, हे दाखवावं लागतं. पण ज्या जाहिरातीनं फक्त दोन म्हातारे मित्र भेटलेले दाखवले, तिला खोटं कसं ठरवणार? तिथे कायद्याचा हात फारसा पोचत नाही. तिथे आपलं आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून आजचा विषय.

प्रेमाला किंमत कशी लागली: हिऱ्याची गोष्ट

प्रेमाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत यशस्वी वापर कोणी केला असेल तर तो हिऱ्याच्या व्यापारानं. ही गोष्ट नीट समजून घेऊ.

हिरा अनेक शतकं खरोखरच दुर्मीळ होता. भारतात मिळायचा, नंतर ब्राझीलमध्ये सापडला. मग १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडायला लागले आणि काही वर्षांतच किंबर्लीच्या खाणींमधून एवढा माल यायला लागला की भाव कोसळेल अशी भीती वाटू लागली. त्यातून १८८८ साली डी बीअर्स ही कंपनी उभी राहिली. बाजारात किती माल सोडायचा हे आपल्या हातात ठेवायचं, हा तिचा मुख्य उद्योग.

म्हणजे पुरवठा हातात आला. पण मागणीचं काय? १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली मागणी पार खाली गेली होती. १९३८ साली डी बीअर्सनं एन. डब्ल्यू. एअर या अमेरिकन जाहिरात संस्थेला काम दिलं. आता गंमत बघा. मक्तेदारीविरोधी कायद्यांमुळे डी बीअर्स अमेरिकेत थेट व्यवसाय करू शकत नव्हती. म्हणून जाहिरात अमुक कंपनीच्या हिऱ्याची नव्हती, हिरा या कल्पनेचीच होती. हिरा म्हणजे प्रेम, आणि हिरा जेवढा मोठा तेवढं प्रेम मोठं. सिनेमातल्या नट्यांच्या बोटातल्या अंगठ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवल्या गेल्या. पिकासो, दाली यांच्यासारख्यांची चित्रं जाहिरातींत छापली गेली.

१९४७ साली याच संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेनं ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं: 'अ डायमंड इज फॉरेव्हर'. हिरा चिरंतन आहे. १९९९ साली 'अ‍ॅडव्हर्टायझिंग एज' या नियतकालिकानं विसाव्या शतकातलं सर्वोत्तम घोषवाक्य म्हणून याचीच निवड केली.

हे वाक्य दोन कामं एकदम करतं, आणि दुसरं काम सहसा लक्षात येत नाही. पहिलं काम उघड आहे: प्रेम चिरंतन, हिरा चिरंतन, म्हणून प्रेमासाठी हिरा. दुसरं काम असं की जी वस्तू कायमची आहे ती विकायची नसते! लोकांच्या घरात पडून असलेले हिरे एकदम बाजारात आले असते तर भाव टिकला नसता. अंगठी विकणं म्हणजे जणू प्रेम विकणं, ही भावना रुजली की जुना माल बाजारात येत नाही.

आपल्याकडच्या सोन्याशी तुलना करा म्हणजे मुद्दा लगेच कळेल. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. सराफाकडे जाऊन सोनं मोडता येतं. घट आणि घडणावळ जाते, पण आपल्याला काय मिळणार याचा अंदाज घरातल्या आजीलाही असतो. हिऱ्याचा असा रोजचा एक भाव नसतो, कारण प्रत्येक खडा वेगळा. दुकानातून घेतलेला हिरा परत विकायला गेलं की खरेदीच्या किमतीपेक्षा बरीच कमी रक्कम हाती येते, असा अनुभव बहुतेकांना येतो. ही गोष्ट जाहिरातीत येत नाही, कारण जाहिरात किमतीबद्दल बोलतच नाही. ती चिरंतनाबद्दल बोलते.

आणि ही परंपरा तरी किती जुनी? जपानचं उदाहरण बघा. एडवर्ड जे एपस्टाईन या पत्रकारानं १९८२ साली 'द अटलांटिक' मासिकात याचा तपशील दिला आहे. जपानमध्ये १९६७ च्या सुमारास, मोहीम सुरू झाली तेव्हा, लग्न ठरलेल्या मुलींपैकी पाच टक्क्यांहूनही कमी मुलींना हिऱ्याची अंगठी मिळत होती. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. चौदा वर्षं. एका पिढीच्या आत जी गोष्ट नव्हती ती 'रीत' झाली. अंगठीवर किती खर्च करायचा याचा आकडाही जाहिरातीनंच दिला: अमेरिकेत दोन महिन्यांचा पगार, जपानमध्ये तीन. विचार करा, कोणाच्या प्रेमाचं मोजमाप पगाराच्या महिन्यांत कसं होईल? पण आकडा एकदा डोक्यात बसला की त्याहून कमी खर्च करणाऱ्याला आपण कुठेतरी कमी पडलो असं वाटायला लागतं.

आपला साखरपुडा हा शब्दच बघा. साखरेचा पुडा. एवढ्यानं लग्न पक्कं होत असे. आता साखरपुडा म्हटलं की पहिला प्रश्न अंगठीचा येतो. अंगठी घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. ही अपेक्षा कुठून आली, हे माहीत असावं, एवढंच म्हणणं आहे.

आठवण: दुखण्यापासून विक्रीपर्यंत

आता दुसरी भावना. इंग्रजीत जिला नॉस्टॅल्जिया म्हणतात. हा शब्द मुळात एका रोगाचं नाव होता. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बासेलमधल्या आपल्या प्रबंधात तो पहिल्यांदा वापरला. घरी परतणं आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांचा जोड. घरापासून दूर असलेली माणसं घराच्या ओढीनं आजारी पडतात, त्या अवस्थेला त्यानं हे नाव दिलं. आपल्याकडे आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. मूळ शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन आहे. जाहिरातीला दोन्ही लागतात: आधी हलकीशी कळ, मग लगेच त्यावर उतारा म्हणून वस्तू.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. बजाज चेतक. १९७२ मध्ये ही स्कूटर आली. परवाना राज्याचे दिवस होते, नोंदणी केल्यावर गाडी हातात यायला कित्येक वर्षं लागत. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' ही जाहिरात मोहीम आली तेव्हा कायनेटिक होंडासारखी बिनगिअरची स्कूटर बाजारात आलेली होती, स्पर्धा सुरू झाली होती. त्या जाहिरातीनं स्पर्धेबद्दल एक शब्द काढला नाही. साधी, वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या थरांतली माणसं आणि त्यांच्या सोबत स्कूटर, एवढंच दाखवलं. स्कूटर कंपनीची राहिली नाही, घरची झाली.

पुढे मोटरसायकली आल्या आणि चेतकचं उत्पादन थांबलं. मग २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये चेतक हे नाव पुन्हा आलं, विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी, आणि २०२० च्या जानेवारीत पुणे आणि बेंगळुरू इथे विक्री सुरू झाली. आता जुन्या चेतकचं आपल्याला काय आठवतं? गाडी एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची, ते आठवतं. वडील चालवताहेत, आपण पुढे उभे, आई मागे, ते आठवतं. नव्या गाडीत किक नाही, हातातले गिअर नाहीत, पेट्रोल नाही. जुन्यातलं काय उरलं? मुख्यतः नाव, आणि गोलसर बांध्याची आठवण देणारा आकार. नवी गाडी चांगली असेलही. पण ती चांगली आहे की नाही हे बॅटरीची हमी, एका चार्जमध्ये जाणारं अंतर, जवळचं सर्व्हिस सेंटर यावर ठरायला हवं. आपले वडील जुनी चेतक चालवायचे, याचं उत्तर त्यात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? आठवणीतून ती नोंदणीची वर्षानुवर्षांची वाट गळून गेली. आठवण छाटणी करते. त्रासाचं बरंच काही वजा होतं आणि गोडवा उरतो. जाहिरातीला हे आयतंच मिळतं.

कधी कधी तर आपण न जगलेल्या काळाची आठवणही विकली जाते. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेल्यावर कँपा कोला घरोघरी पोचलं, पुढे मागे पडलं. २०२३ मध्ये रिलायन्सनं ते नाव परत आणलं. आज विशीत असलेल्या मुलानं ते जुनं कँपा प्यायलेलंच नाही. त्याच्यासाठी ही उसनी आठवण आहे, आईबापांकडून ऐकलेली.

जाहिरात आठवण बदलू शकते का?

याचं उत्तर जरा काळजीत टाकणारं आहे. २००२ मध्ये कॅथरिन ब्राउन, रियानन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना डिस्नेलँडची एक जाहिरात दाखवली. लहानपणी तिथे गेलात आणि बग्ज बनीशी हात मिळवलात, असं तिच्यात सुचवलं होतं. बग्ज बनी हे डिस्नेचं पात्रच नाही, ते वॉर्नर ब्रदर्सचं. तो तिथे भेटणं शक्यच नव्हतं. तरीही जाहिरात पाहिलेल्यांपैकी काही जणांना आपण लहानपणी त्याच्याशी हात मिळवला होता, असं वाटायला लागलं!

म्हणजे जाहिरात आपल्या आठवणीच्या दारात नुसती उभी राहत नाही, कधी आत येऊन सामान हलवते. आपल्या दिवाळीचंच बघा. पहाटे चाळीत, सोसायटीत दारं वाजवत लोकांना उठवत फिरणारे काका असलेली मोती साबणाची जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अभ्यंगस्नानाला तेल आणि उटणं हे जुनं. साबण हा नंतर आलेला पाहुणा. पण वर्षभर दुसरा साबण वापरणाऱ्या कितीतरी घरांत दिवाळीला मोतीच येतो, आणि त्या वासाशिवाय दिवाळी वाटत नाही. ही आठवण खोटी आहे का? मुळीच नाही, आपण तो वास खरोखर घेतला आहे. पण ती घडवण्यात बाजाराचा वाटा आहे, आणि तीच आठवण दरवर्षी आपल्याला पुन्हा दाखवली जाते.

हे चालतं कसं?

तीन कारणं सांगतो. पहिलं, साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी माणसाच्या मनात जास्त ठळक राहतात. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आपल्या आवडीची गाणी बहुधा आपण २३-२४ वर्षांचे असताना गाजलेली असतात. म्हणजे ग्राहकाचं वय कळलं की कोणत्या काळातला सूर वाजवायचा हे कळलं.

दुसरं, २०१४ मध्ये जनीन लासालेटा, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि कॅथलीन वोहस यांचा अभ्यास आला. गतकाळाच्या आठवणीत रमलेली माणसं पैशाला कमी धरून बसतात, खर्च करायला जास्त तयार होतात, असं त्यात दिसलं. आठवणीत आपल्याला आपल्या माणसांचा आधार वाटतो, मग पैशाचा आधार तेवढा गरजेचा वाटत नाही. घरात आपण याला मोठं मन म्हणू. दुकानात त्याचा अर्थ वेगळा होतो.

तिसरं कारण, आपण स्वतःच जाहिरात पोचवतो. १९९४ ची कॅडबरीची क्रिकेटची जाहिरात आठवा. फलंदाज षटकार मारतो आणि त्याची मैत्रीण मैदानात नाचत धावत येते. तोवर चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ. मोठ्यांनीही निःसंकोच खावं, हे त्या नाचानं सांगितलं. २०२१ मध्ये तीच जाहिरात उलट करून आली: बॅट मुलीच्या हातात, नाचणारा मुलगा. सूर तोच. इथे प्रेम आणि आठवण दोन्ही एकत्र आली, शिवाय काळ बदलल्याचा आनंदही. लोकांनी ती कौतुकानं एकमेकांना पाठवली. कौतुक योग्यच होतं. पण घराघरांतल्या फोनपर्यंत ती नेण्याचं बरंच काम आपण फुकट केलं, हेही खरं.

मग आपण काय करायचं?

जाहिरात बघून डोळे भरले तर भरू द्यावेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त खरेदीच्या आधी तीन प्रश्न विचारू या. एक: या जाहिरातीतून ती गोष्ट, ते गाणं, ते चेहरे काढून टाकले तर वस्तूबद्दल काय माहिती उरते? दोन: जी उरली नाही ती माहिती कुठे मिळेल? पाकिटावरचं वजन, प्रति ग्रॅम भाव, हमीची मुदत, परत घेण्याची अट. तीन: हीच भावना दुसऱ्या मार्गानं, कमी पैशांत किंवा बिनपैशांत पुरी होते का? मित्राची आठवण आली तर मित्राला फोन करता येतो. आणि मोठी रक्कम असेल तर एक रात्र जाऊ द्यावी. ऑफर आज संपते असं सांगितलं असेल तर दोन रात्री.

प्रश्नोत्तरं

*एका श्रोत्या ताईंचा प्रश्न: माझ्या मुलाचा साखरपुडा आहे. हिऱ्याची अंगठी हप्त्यांवर घ्यायची म्हणतो. आम्ही नको म्हटलं तर, तुम्हाला भावना कळत नाहीत, असं ऐकावं लागतं. काय सांगावं?*

ताई, हा वाद भावनेवर नेला तर तुम्ही हरणार, कारण जाहिरातीनं तो प्रश्न तसाच मांडून ठेवलाय: अंगठी की प्रेम नाही? म्हणून आधी प्रश्नच सोडवून वेगळा करा. प्रेम आहे हे मान्य, त्यावर चर्चा नाही. मग फक्त वस्तूबद्दल बोला. हप्त्यांसकट एकूण किती रुपये जातात ते कागदावर मांडा. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत बनवलेला, हे प्रमाणपत्रावर बघा. दोन्ही कार्बनचेच, पण किमतीत मोठा फरक असतो. खुद्द डी बीअर्सनं २०१८ मध्ये प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे दागिने विकायला काढले होते. दुकानदार परत घेणार असेल तर किती टक्क्यांनी, हे लिहून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलाला म्हणा, तिला विचार. पहिल्या दोन वर्षांचे हप्ते ती पण भरणार आहे, संसार दोघांचा आहे. कदाचित तिला अंगठी हवीच असेल, मग दोघांनी मिळून घेतलेला तो निर्णय असेल. कदाचित तिला घरभाड्याच्या अनामत रकमेची जास्त काळजी असेल. हे जाहिरात सांगू शकत नाही, तीच सांगू शकते.

*दुसरा प्रश्न: म्हणजे जाहिरात बघून जे वाटतं ते सगळं खोटंच मानायचं का?*

नाही. आजोबांना मित्राची आठवण येते, तुम्हाला वडिलांच्या स्कूटरची येते, हे खरंच आहे. जाहिरातीनं ती भावना तयार केलेली नाही, बहुतेक वेळा नुसती जागी केली. भावना आपली आहे, वस्तू त्यांची आहे. या दोघांना जोडणारा दोरा त्यांनी बांधला, आणि तो सोडवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. वडिलांची आठवण आली तर त्यांचा जुना फोटो काढून मुलांना दाखवा, त्या प्रवासाच्या गोष्टी सांगा. त्यानंतरही नवी स्कूटर घ्यावीशी वाटली, तर बॅटरीची हमी वाचून जरूर घ्या.

आजच्यापुरतं इथे थांबू.